सांधा उलला होता

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, इंजिनाचा. ज्यानं एका जित्याजागत्या माणसाचा उजवा हात कोपराच्या वरून उपटला, तोच मी. माझी कीव करू नका, मला ती नको आहे. फक्त शेवटपर्यंत ऐकून घ्या.

जन्मानं मी म्हशीचं कातडं. कानपूरच्या कारखान्यात मला भिजवलं, ठोकलं, ताणलं, चरबी पाजली आणि मालगाडीनं धामणगाव रेल्वेला पाठवलं. ते साल पंचावन्न. तिथं भगवंतरावांच्या जिनिंगमध्ये माझी दोन टोकं चामड्याच्या वादीनं एकमेकांना शिवली. त्या वीतभर सांध्यातच माझं सारं बळ आणि सारं दुखणं.

इंजिनाच्या चाकावरून मी सुटायचो आणि लांबलचक लोखंडी शाफ्टला फिरवायचो. त्या शाफ्टवर सरकी काढणारे वीस रेचे चालत. प्रत्येक रेच्यापुढे एक बाई, तोंडाला पदर बांधून, कापूस चारत उभी. काय तो गोंगाट! शेजारच्या माणसानं कानात बोंब मारली तरी ऐकू जायची नाही. दिवाळी ते होळी माझा हंगाम, आणि हंगामात मी माणसासारखा थकत नाही याचाच मला माज होता.

माझी देखभाल डोमाजी करायचा. तो तेलवाला. शाफ्टला तेल घालायचं, मला पुसायचं, सांधा तपासायचा. त्याच्या वडिलांचा जन्म गावची मेलेली ढोरं ओढण्यात गेला होता, म्हणजे माझा नि त्या घराचा संबंध तसा जुनाच. डोमाजीची बायको मनकर्णा तिसऱ्या रेच्यावर होती. ती बोलायला फटकळ होती आणि हाताला चपळ.

हंगामाआधी दसऱ्याला यंत्रपूजा व्हायची. मला कुंकू लागायचं, आणि तेलवाल्यानं माझ्यापुढे नारळ ठेवून सर्वांच्या आधी हात जोडायचे, ही तिथली रीत. छप्पन्नच्या दसऱ्याला डोमाजी आणि मनकर्णा नागपूरला गेले, दीक्षा घेऊन पांढऱ्या कपड्यांत परतले. पुढच्या दसऱ्याला मिस्त्री पुंजाजीनं नारळ पुढे केला, तर डोमाजीनं तो घेतला नाही. “काम सांगा मिस्त्री, आंगतोड करतो. हात जोडनं होनार नाई,” एवढंच म्हणाला. मला राग आला होता. खोटं कशाला बोलू? कुंकवाची सवय लागली होती मला. त्यानं सलग तीन दसरे हात जोडले नाहीत, आणि पुंजाजीनं तिन्ही मनात ठेवले.

साठ सालच्या जानेवारीत माझा सांधा उलला. वादी झिजली, तिचं टोक बाहेर आलं आणि फिरता फिरता फटाक् फटाक् वाजू लागलं. मी चाकावरून घसरू लागलो. डोमाजीनं ते पाहिलं. तो पुंजाजीच्या कानाशी गेला. दोघेही माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

“मिस्त्री, सांधा उलला. इंजिन बंद करा, मी शिवून देतो.”

“बंद कराले तुह्या बापाचं इंजिन होय का बे? मालक उरावर बसन! चालत्यावर राळ मार.”

डोमाजीनं राळेचा खडा घेतला. घसरणाऱ्या पट्ट्याला राळ लावली की तो चाक धरतो, आणि ती चालत्या पट्ट्याला लावण्याचा जिवावरचा खेळ सगळ्याच जिनिंगांत चालायचा. त्यानं खडा टेकवला. वादीचं टोक त्याच्या बाहीत शिरलं. मी त्याला उचललं, चाकाकडे ओढलं, आपटलं, पुन्हा ओढलं. हाड मोडलं ते मला कळलं. कातडी सुटली तेही कळलं. पांढऱ्या रुईच्या ढिगावर लाल चिळकांडी उडाली, आणि मी थांबलो नाही. मला थांबता येत नाही हो! मला थांबवावं लागतं!

मनकर्णानं पाहिलं. तिनं लोखंडी पहार उचलली, इंजिनघराचं दार फोडलं आणि इंजिनवाल्याच्या छातीवर पहार धरली. “बंद कर! नाई तं तुले इथंच गाडतो!” इंजिन बंद झालं. डोमाजी खाली पडला. त्याचा हात माझ्यात अडकून वरच राहिला.

अमरावतीच्या दवाखान्यात उरलेलं कापलं. इकडे दुसऱ्याच दिवशी पुंजाजीनं सांध्यासकट माझा चार हात तुकडा कापून उकिरड्यावर फेकला आणि तिथं नवं चामडं शिवलं. तो फेकलेला तुकडा मी. मनकर्णानं मला हुडकलं, लुगड्यात गुंडाळलं आणि घरी नेलं. वाटेत तिनं मला दोनदा दगडानं ठेचलं. बरोबरच केलं तिनं.

भरपाई द्यायला मालकांनी साफ नकार दिला. चूक डोमाजीची, म्हणाले. मग अमरावतीच्या कामगार-भरपाईच्या कचेरीत अर्ज, आणि तिथल्या साहेबापुढे सुनावणी. मी टेबलावर, पुरावा म्हणून, गळ्यात चिठ्ठी बांधलेला.

पुंजाजी शपथेवर म्हणाला, “चालत्या पट्ट्याले हात लावू नको, असं मी बजावलं होतं साहेब. पन हा कोनाचंच आयकत नाई. दसऱ्याले मालकानं सांगतलं तरी हात जोडत नाई.”

“मी सांगतलं होतं, सांधा उलला म्हनून!” डोमाजी ओरडला.

“ते कोणी ऐकलं?” साहेबांनी विचारलं.

मनकर्णा तिसऱ्या रेच्यावर होती, गोंगाटात तिला काय ऐकू जाणार? मी ऐकलं होतं. पण चामड्याची साक्ष कोण घेतो! साहेब घड्याळ बघत उठले. “अर्ज फेटाळला.”

“काहून?” मनकर्णानं विचारलं.

“साहेबांनी सांगितलं ना बाई,” कारकून म्हणाला.

“फेटाळला म्हनलं. काहून ते नाई सांगतलं.”

त्यांच्या वस्तीत धर्मपाल मास्तर होते, शाळेत शिकवायचे, वस्तीचे अर्ज लिहायचे. ते म्हणाले, “वहिनी, नागपूरच्या वरच्या कोर्टात जाता येते. पन साठ दिवसांच्या आत, अन् निकालाची कारणं लेखी पायजेत. कारणच हाती नसन तं भांडाचं कशाशी?” त्यांनी अर्ज लिहून दिला. ‘निकालाची कारणे लेखी मिळावीत.’ एवढीच ओळ.

त्या ओळीसाठी मनकर्णानं त्या कचेरीचे उंबरे झिजवले. मी कपाटावर पडून सारं बघत होतो. साहेब दौऱ्यावर आहेत. साहेब रजेवर आहेत. लिहिणं झालं नाही. पुढच्या सोमवारी या. ती धामणगावहून गाडीनं यायची, हातात तीच अर्जाची पोच घेऊन उभी राहायची आणि परत जायची. नवव्या खेपेला तिनं दिवस मोजून आणले होते.

“आज बावन्नावा दिवस होय. उरले आठ. आज घेतल्याबिगर जात नाई.”

“मोठी शहाणी आली! कारणं वाचता तरी येतात का?” कारकून हसला आणि त्यानं शिपायाला खूण केली. शिपायानं तिला दंडाला धरून ओढलं. ती पडली, कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, रक्त डोळ्यात उतरलं. उठली ती थेट कपाटाकडे. तिनं मला खेचलं, दोन्ही हातांनी डोक्यावर उगारलं आणि टेबलावर असं हाणलं की शाईची दौत फुटली, कागद निळे झाले आणि कारकून खुर्चीसकट मागे गेला. तिनं दुसऱ्यांदा हाणलं. तिसऱ्यांदा हाणलं. त्या तीन तडाख्यांइतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

साहेब दारात आले. “पोलिसांना बोलवा!”

“बोलवा! अन् त्याइले सांगा मी काय मागून राहिली ते! पैसा नाई मागून राहिली. माह्या मानसाचा हात गेला, तुमी नाई म्हनलं, तं काहून नाई म्हनलं ते लिहून मागून राहिली!”

व्हरांडाभर पक्षकार जमले होते. साहेबांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि आत जाऊन लिहायला बसले. संध्याकाळी कागद मिळाला, शिक्क्यासह.

तिथंच पायरीवर मास्तरांनी वाचला. ‘अर्जदार हा मुळात हुकूम न मानणारा इसम आहे. यंत्रपूजेस हात जोडण्याचा मालकाचा हुकूम त्याने सलग तीन वर्षे मोडला. सबब पट्ट्यास हात न लावण्याचा हुकूमही त्याने जाणूनबुजून मोडला असला पाहिजे.’ टेबलावर मी समोर पडलेलो असताना उललेल्या सांध्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

मास्तर म्हणाले, “वहिनी, जिंकलो आपन. हे मनात होतं तवरि याले हात लावता येत नव्हता. आता हे कागदावर आलं.”

नागपूरला अपील अठ्ठावन्नाव्या दिवशी दाखल झालं. तिथल्या न्यायाधीशांनी मालकाच्या वकिलाला एकच विचारलं म्हणे, नारळाचा आणि सांध्याचा संबंध काय? डोमाजीला भरपाई मिळाली. हात अर्थातच मिळाला नाही.

पुराव्याचं काम संपल्यावर मला मनकर्णाच्या हवाली केलं. डोमाजीनं अंगणात मला पाहिलं, डाव्या हातानं कुऱ्हाड घेतली. निम्मे घाव दगडावर बसले, ठिणग्या उडाल्या. तो रडत होता, शिव्या देत होता, मला तोडत होता. मनकर्णा दारात उभी राहिली, तिनं अडवलं नाही. शेवटी सांध्याचा वीतभर तुकडा उरला. त्यानं कुऱ्हाड उचलली, पण वादीचं ते बाहेर आलेलं टोक बघून थांबला. “हे ठेव,” तो म्हणाला.

आता मी त्यांच्या दाराशी खिळ्याला आहे. हंगाम आला की वस्तीतली पोरं-बाया जिनिंगला निघताना डोमाजी त्यांना माझ्यापाशी थांबवतो आणि म्हणतो, “असं दिसलं का इंजिन बंद. मिस्त्री बोंबलो का मालक बोंबलो.” ती माणसं माझ्यावरून बोट फिरवतात. मी वाळलोय, भेगाळलोय, फार दिवस टिकणार नाही.

साहेबांनी त्यांची कारणं लिहून दिली, नागपूरनं त्यांची लिहिली. माझं म्हणणं कोणी मागितलं नाही. तुम्ही लिहून घ्या. सांधा उलला होता. डोमाजीनं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.