धाकटीच्या गाडीची टाकी

मी टाकी बोलतेय. पाण्याची नव्हे हो, पेट्रोलची. गाडीच्या डिकीत तुम्ही पिशव्या आदळता ना, त्या पत्र्याच्या बरोबर खाली दोन लोखंडी पट्ट्यांवर मी पहुडलेली असते. दिसत कोणालाच नाही, पण घरातलं सगळं माझ्या कानावर येतं. त्याला मी तरी काय करणार?

पत्र्याच्या दोन पराती समोरासमोर ठेवून कडेनं जोडल्या, की झाली आमची जात तयार. मी आणि माझी जुळी एकाच दिवशी दोन सख्ख्या बहिणींच्या दारात आलो. साडूसाडूंनी ठरवून सारख्या गाड्या घेतल्या होत्या. रंगही एकच, फिकट निळा. उगाच कुणाची वरचढ नको.

मी धाकटीकडे गेले. तिचे यजमान भारी हौशी. पंपावर मला काठोकाठ भरलं तरी त्यांचं समाधान होत नसे. खाली उतरून बंपर धरून गाडी गदागदा हलवायचे आणि पंपवाल्याला सांगायचे, अजून थोडं मावतंय बघा. मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि धाकटी काच वर करून, आपण यांच्यातल्या नव्हेच, अशी बसायची. काय दिवस होते ते!

मग ते गेले आणि गाडी अंगणात उभी राहिली. धाकटीला चालवता येत नव्हती. पण संध्याकाळी कामं आवरली की ती त्यांच्या शेजारच्या सीटवर येऊन बसायची. महिनाभरात थोरली येऊन म्हणाली, ही मोडीत काढ. झालं, दोघींचं बोलणं तुटलं. वर्षं सरली. माझ्या पोटातलं पेट्रोल शिळं होऊन त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास मारायला लागला.

आणि थोरलीकडची माझी जुळी खालून सडली. थोरलीच्या यजमानांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. नव्या उंच गाड्यांत त्यांचा पाय चढेना, याच बुटक्या गाडीत ते कसेबसे बसत. ती बंद पडली आणि माणूस घरात अडकला. दोन्ही गाड्या बघणाऱ्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी सगळे भंगारवाले पालथे घातले. एक टाकी मिळाली ती पुढच्या मॉडेलची, ढेरपोटी, पट्ट्यांत मावेना. शेवटी ते थोरलीला म्हणाले, एक आहे मागच्या गल्लीत, पण ती तुम्हीच मागायची.

थोरली आली. स्वयंपाकघराची खिडकी माझ्याकडेच उघडते. आधी ऊन झालं, मग गुडघे झाले, मग महागाई. धाकटी चहा ठेवता ठेवता पाठमोरीच म्हणाली, “टाकीच हवीय ना? मेस्त्री कालच सांगून गेले.”

थोरलीनं ओट्यावरच्या कपबश्या पुढे सरकवल्या.

“मोडीत काढ म्हणाली होतीस, ताई.”

“तू रोज रिकाम्या सीटशेजारी बसायचीस. मला बघवत नव्हतं गं.”

चहा उतू गेला. गॅस बंद करायला कोणी हललं नाही. धाकटी म्हणाली, “ने. पण बसवताना मी समोर उभी राहणार.”

मेस्त्रींनी शिळं पेट्रोल काढलं, आतला गंज सुटावा म्हणून माझ्या पोटात मूठभर नटबोल्ट आणि पाणी घालून मला असं घुसळलं की विचारू नका. काळं पाणी संपेपर्यंत तेच. मग उन्हात वाळवलं, नवे रबरी पाइप जोडले, मला वर उचलून पट्टे आवळले. धाकटी वाकून बघत होती. डावीकडचा ढिला आहे, म्हणाली.

“मावशी, गाडी मी दुरुस्त करतोय की तुम्ही?”

“गाडी तुम्ही करा. टाकी माझी आहे.”

पट्टा खरंच ढिला निघाला. मेस्त्री पान्याकडे वळले.

आता मी थोरलीच्या यजमानांना व्यायामाला नेते-आणते. धाकटीही बरोबर येते आणि मागे बसून थोरलीच्या गाडी चालवण्याला नावं ठेवते. तिच्या अंगणातली गाडी, मी नसल्यामुळे, मागून थोडी वर उचलल्यासारखी दिसते. परवा त्या गाडीसमोरून जाताना धाकटी म्हणाली, “मेस्त्रींना विचार, तिचे दरवाजे कोणाला हवे असतील तर.”

थोरलीनं मान हलवली आणि गिअर टाकला.

तुमच्याही दारात एखादी गाडी उभी असेल. ती मोडीत काढायची घाई करू नका, कोणाला करायलाही सांगू नका. पण आतलं पेट्रोल तेवढं काढून ठेवा बाबांनो, पोटात फार जळजळतं.