हार्दिक क्षमा

वडजाईवाडीच्या नाथाजी हवालदाराचं आणि त्याच्या चुलतभावाचं, सयाजीचं, वैर इतकं कडक होतं की दोघांच्या सामायिक भिंतीवर पाल चढली तरी ती कोणाच्या बाजूची हे आधी ठरायचं आणि मगच तिला हाकललं जायचं. सयाजीच्या चुलीचा धूर इकडे वळला की नाथाजी सूप घेऊन अंगणात उतरायचा आणि धूर पाखडून परत पाठवायचा. सयाजीचा कोंबडा आरवला तर तो उठायचा नाही. दुसऱ्या कोणाच्या कोंबड्याची वाट बघत, टक्क जागा, तो अंथरुणातच पडून राहायचा. अठरा वर्षं हे असं चाललं होतं. खोटं वाटत असेल तर ते सूप अजून त्याच्या पडवीत आहे, मधोमध काळं पडलेलं.

कारणही तसंच होतं. नाथाजीची एकुलती एक लेक संयोगिता बावीस वर्षांची असताना तिला मिरजेचं स्थळ आलं होतं. मुलगा दवाखान्यात एक्सरे काढायचा. पाहुणे आले, पोहे झाले, पसंती झाली, सुपारीचा दिवसही ठरला. निघताना भावकीत चहा घ्यायचा म्हणून पाहुणे शेजारी सयाजीकडे टेकले. आता सयाजीला त्या सकाळी नाथाजीच्या बैठकीत मानाचा विडा तिसऱ्या नंबरला मिळाला होता, आणि तो त्याच्या घशात अडकलेला होता. बशीतला चहा फुंकत तो एवढंच म्हणाला, “पोरगी लय गुणाची हाय. फकस्त अमुशाला फेफरं येतं, तेवढं सांभाळून घ्या.”

संयोगिताला जन्मात कधी साधी चक्करही आली नव्हती. पाहुण्यांची जीप मात्र मिरजेच्या दिशेनं जी सुटली ती पुन्हा या गावात दिसली नाही. पुढं संयोगिता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायला लागली. गावातल्या सगळ्यांच्या लग्नाची नोंद तीच करायची, दाखला छापून शिक्का मारून हातात द्यायची. असं करता करता ती चाळिशीला आली.

इकडे नाथाजीचा रक्तदाब नारळाच्या झाडासारखा वर वर जात राहिला. शेवटी मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं की एकतर राग सोडा, नाहीतर आम्हाला सोडा. तेव्हा बनुबाई नवऱ्याला घेऊन फलटणकडच्या एका महाराजांकडे गेली. महाराजांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हवालदार, सयाजी बदलायचा नाही. तुमची नजर बदला. रोज पहाटे डोळे मिटून त्याचा चेहरा समोर आणायचा आणि त्याच्यात पांडुरंग बघायचा. ज्या दिवशी त्याच्या पायावर डोकं ठेवताना आत काही जळणार नाही, त्या दिवशी तुमची साधना पुरी झाली.”

नाथाजी पलटणीत शिकलेला माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे चारला घोंगडीवर बसला. सयाजीचा चेहरा बोलावल्याबरोबर यायचा, पण त्याच्यावर मुकुट काही बसेना. मुकुट घातला की तो कानांवर घसरायचा आणि सयाजी त्याखालून तंबाखूची पिचकारी मारायचा. विटेवर उभा केला तर वीट उचलून पळायचा. एकोणीस दिवस नाथाजीनं त्याला ध्यानातच लाथा घातल्या. तरी त्यानं सोडलं नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी मात्र मुकुट बसला, हात कमरेवर गेले आणि सयाजी कसा लख्ख सावळा दिसला. नाथाजी ढसाढसा रडला. बाहेर येऊन बायकोला म्हणाला, “बनु, केलं बघ माफ. सगळं केलं.”

“चांगलं झालं,” बनुबाई म्हणाली, “आता कुणाला सांगत बसू नका.”

पण एवढी मोठी माफी आणि गावाला पत्ता नाही, हे नाथाजीला सोसेना. त्यानं फ्लेक्स छापला. एसटीच्या थांब्यावर, दहा बाय बाराचा. वर नाथाजी, वर्दीत, छातीवर पदकं आणि हात जोडलेले. खाली कोपऱ्यात सयाजीचा बारका फोटो, आधारकार्डावरचा, त्यामुळे तो आधीच पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसत होता. मधे लाल अक्षरांत मजकूर: ‘सन २००७ साली माझी कन्या कु. संयोगिता हिला फेफरे येते असे खोटे सांगून तिचे लग्न मोडणारे माझे बंधू श्री. सयाजीराव यांना हार्दिक क्षमा! शुभेच्छुक: क्षमाशील नाथाजी हवालदार व मित्रपरिवार.’

गावातली निम्मी माणसं ही गोष्ट विसरून गेली होती आणि उरलेल्या निम्म्यांचा तेव्हा जन्मच झाला नव्हता. एका सकाळीत सगळ्यांना ती पाठ झाली. संयोगिता स्कूटीवरून कामाला निघाली तेव्हा तिनं थांब्यापाशी गाडी थांबवली, फ्लेक्स वरून खालपर्यंत वाचला आणि पुढं गेली. दिवसभर दाखल्याला येणारी माणसं काचेतून तिच्याकडे टक लावून बघत होती. एकानं विचारलंच, “ताई, फेफरं म्हंजी आकडीच न्हवं?” दुपारी एक म्हातारी आली आणि तिच्या टेबलावर एक कांदा ठेवून गेली. आकडी आली तर नाकाला लावायला. संध्याकाळी संयोगितानं तो कांदा घरी आणला, बारीक चिरला आणि भाजीत घातला. नाथाजीला वाटलं, पोरीलाही शांती मिळाली. त्यानं भाजी दोनदा मागून घेतली.

पंधरा दिवसांनी देवळापुढच्या मांडवात सप्ताह बसला, आणि त्याला फलटणकडचे तेच महाराज आले. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचा पहारा असतो. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं बसायचं नाही, टेकायचं नाही, तार छेडत मांडवात येरझारा घालायच्या. पाळी संपली की दुसऱ्याच्या गळ्यात वीणा द्यायची, आणि देताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. मग तो मालक असो नाहीतर गडी. पाळ्यांच्या चिठ्ठ्या महाराजांनीच काढल्या. दुसऱ्या दिवशी दहा ते बारा नाथाजी, बारा ते दोन सयाजी. आता चिठ्ठ्या खरंच तशा निघाल्या, का महाराजांच्या बोटांना डोळे होते, हे पांडुरंगालाच ठाऊक.

त्या दिवशी पारायणाला एरवी नसणारी माणसंही पावणेबारालाच मांडवात येऊन बसली. नाथाजीच्या अंगावर कडक इस्त्रीचा सदरा होता. आज साधना पुरी होणार, साऱ्या गावासमोर होणार, म्हणून त्याचा चेहरा तेल लावल्यासारखा चमकत होता.

बारा वाजले. सयाजी आला. मांडवाबाहेरच्या नळावर बसला आणि पाय धुवायला लागला.

सव्वाबारा झाले. सयाजी टाच दगडानं घासत होता.

“आवं सयाजीराव, उरका की!” कुणीतरी ओरडलं.

“उरकतो की,” सयाजी मोठ्यानं म्हणाला, “पर हवालदार डोकं टेकवणार हाय ह्याच्यावर. फ्लेक्सवाला माणूस! पाय नगं का उजळ?”

मांडव हसला. सयाजी उठला, मांडवाच्या दाराशी आला, पाऊल उचलून तळवा बघितला. “च्यायला, माती लागली,” म्हणाला, आणि परत नळावर जाऊन बसला.

असं त्यानं एक वाजेपर्यंत सात वेळा केलं. पाय इतके घासले की गावातले लोक सांगतात, शेवटी त्यांत पुढच्याचं तोंड दिसत होतं. चैत्राचं ऊन वरच्या कापडातून गळत होतं. नाथाजीच्या गुडघ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. ज्ञानेश्वरी वाचणारे ओळ सोडून त्याच्याकडेच बघत होते. बनुबाईनं तांब्या आणून त्याच्या तोंडाला लावला आणि दातांवर दात ठेवून म्हणाली, “द्या की दुसऱ्या कुणाच्याबी गळ्यात. मरायचंय का?”

“न्हाई,” नाथाजी म्हणाला. “त्याच्याच गळ्यात देणार. त्याच्याच पायावर डोकं ठेवणार. मी माफ केलंय त्याला.”

“केलंय ते दिसतंयच,” बनुबाई म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली.

महाराज आसनावर डोळे मिटून बसले होते. नाथाजीनं त्यांच्याकडे दोनदा आशेनं बघितलं. त्यांनी एकदा उजवा डोळा उघडला आणि परत मिटला.

दोन वाजले. सयाजीची पाळीच संपली, पण त्याचे पाय काही धुऊन होईनात. नाथाजीची बोटं तारेवर आता छेडत नव्हती, नुसती आपटत होती. तेवढ्यात संयोगिता आली. पंचायतीतून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र. ती सरळ बापापुढं येऊन उभी राहिली.

“आबा, द्या वीणा.”

“तू जा पोरी. हे माझं नि त्याचं हाय.”

“तुमचं नि त्यांचं?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मांडवात तेवढा एकच आवाज होता. “फेफरं कुणाला आलं होतं? लगीन कुणाचं मोडलं?”

“तुझंच की. म्हणून तर—”

“मग माफी कुणाची? मला इचारलं होतं तुमी? माझ्या वाटणीची माफी घेऊन तुमी गावभर पेढं वाटल्यागत वाटत सुटलाय. सयाजीतात्यांनी चार माणसांत सांगितलं होतं, बशीतला चहा गार व्हईस्तोवर. तुमी थांब्यावर टांगलंत.”

नळावरचं पाणी वाजायचं थांबलं. सयाजी ऐकत होता.

“मी त्याच्यात पांडुरंग बघितला, संयोगिते,” नाथाजी कळवळून म्हणाला. “एक्केचाळीस दिवस लागलं मला.”

“बघा की. आणि नानासोमधी कवा बघणार?”

नाथाजीला आधी नावच लागेना. मग लागलं. आठ वर्षांपूर्वी शिरवळच्या कंपनीतला एक फिटर आपल्या पायानं घरी आला होता. फेफऱ्याचं ऐकून आला होता तरी म्हणाला होता, आकडी आली तर मी सांभाळीन. नाथाजीच्या आठवणीत, पोरीची कुणी कीव करू नये म्हणून त्यानं त्या माणसाला परत पाठवलं होतं.

“मी चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होते,” संयोगिता म्हणाली. “तुमी आईला काय म्हणालात, सांगू का सगळ्यांना? का तुमीच सांगताय?”

नाथाजीनं बनुबाईकडे बघितलं. बनुबाईनं मान फिरवली. आणि मग ते वाक्य त्याला जसंच्या तसं आठवलं, स्वतःच्या आवाजात, त्या आवाजातल्या समाधानासकट. तो म्हणाला होता: हिचं लगीन झालं तर सयाजी सुटंल.

“त्यांनी माझं एक लगीन मोडलं आबा, विड्याच्या रागानं,” ती म्हणाली. “तुमी मला पुरावा म्हणून घरात ठिवलंत. तात्यांना दावायला. त्यांनी रोज खिडकीतून बघावं, मी दळण घेऊन चाललीय, एकटी.”

नाथाजीनं नळाकडे बघितलं. सयाजी तिथं बसला होता, हातात दगड, सुरकुतलेले ओले पाय, दात पडलेलं तोंड अर्धवट उघडं. मुकुट नव्हता, वीट नव्हती. आणि तरीही नाथाजीला पहिल्यांदाच तो नीट दिसला, कारण तो हुबेहूब नाथाजीसारखा दिसत होता. फरक एवढाच होता की सयाजीनं आपलं काम एका सकाळीत उरकलं होतं आणि नाथाजीनं ते अठरा वर्षं पुरवून पुरवून केलं होतं.

आत काही जळलं नाही. जळण्यासारखं तिथं काही राहिलंच नव्हतं. साधना पुरी झाली ती अशी, आणि तिनं कुणाचं काही भलं केलं नाही.

त्यानं गळ्यातून वीणा काढली आणि लेकीच्या गळ्यात घातली. मग तो वाकला. चार तास उभे राहिलेले गुडघे, ते वाकले आणि तिथंच अडकले. त्याचं कपाळ तिच्या पायांना लागलं. आता रीतीप्रमाणे तिनं वाकायचं होतं. मांडव वाट बघत होता. नाथाजीही वाट बघत होता, डोळे मिटून, तिच्या अनवाणी पायावरचा चपलेच्या पट्ट्याचा वळ कपाळाखाली जाणवत.

संयोगितानं खांद्यावरची पट्टी नीट केली, तार छेडली आणि पाय मागे घेतला. नाथाजीचं कपाळ सतरंजीवर टेकलं.

“पोरी,” तो खालूनच म्हणाला, “मला माफ कर गं.”

“ऐकू आलं,” ती म्हणाली आणि राम कृष्ण हरी म्हणत चालायला लागली.

महाराजांनी आता दोन्ही डोळे उघडले होते. शेवटी त्यांनी वाचणाऱ्यांना खूण केली आणि पारायण पुढं सुरू झालं. नाथाजी तसाच दुमडलेला होता. बनुबाई जागची उठली नाही. शेवटी एक ओला हात त्याच्या काखेत आला.

“ऊठ रं नाथा,” सयाजी म्हणाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्याला नावानं हाक मारली होती. “लोकं बघत्यात.”

दुसरं कुणी हात देणार नव्हतं, म्हणून नाथाजीनं तो धरला. दोघं फरफटत खांबापाशी गेले आणि खाली बसले. सयाजी बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला.

“पाळी माझी हुती,” तो हळूच म्हणाला. “तिच्याकडनं घ्यायची म्हंजी मला तिच्या पाया पडावं लागंल.”

“व्हय.”

“आन् तिनं न्हाई दिली तर?”

संयोगिता मांडवाच्या त्या टोकाला गेली, वळली, आणि तार छेडत त्यांच्याकडे येऊ लागली. तिची नजर समोर, मूर्तीवर होती. ती जवळ आली तसे दोघांनी पाय आखडून घेतले. ती पुढं गेल्यावर त्यांनी ते सोडले, आणि ती पुन्हा वळल्यावर पुन्हा आखडले.