शेजारच्या खुर्चीवरची टोपी

मी बायकांची उन्हाची टोपी. कागदी दोऱ्याची, रुंद काठाची, निळी फीत लावलेली. असली टोपी नवी मुंबईत रोज कोण घालतंय? त्यामुळे माझं आयुष्य कपाटावरच गेलं. बाहेर पडले ती एकदाच. त्या एका दिवसाची कहाणी मी सांगणार आहे, कारण ज्यांनी सांगायला हवी ती माणसं सांगणार नाहीत.

कोणत्या कारखान्यात विणले गेले ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा पनवेलच्या एका दुकानात दप्तरं आणि छत्र्यांच्या मधे लटकत होते. येणारे-जाणारे मला डोक्यावर ठेवायचे, आरशात तोंडं वेडावायचे आणि परत खिळ्याला अडकवून जायचे. एक दिवस तळोज्याच्या मेहरुनबी आल्या, सोबत सून झेबा. झेबाने मला सासूच्या दुपट्ट्यावर चढवलं.

"अम्मी, एकदम मस्त!"

"गप गो. या वयात लोक काय बोलतील?" मेहरुनबी म्हणाल्या, पण आरशापुढून हलल्या नाहीत. मला तेव्हाच त्यांचा लळा लागला.

घरी आल्यावर बाकीचं कळलं. कपाटावरून घर चांगलं ऐकू येतं. मेहरुनबींचे नवरे इसाकभाई यांनी उभी जवानी मस्कतच्या एका हॉटेलात नोकरी करण्यात घालवली होती. दोन वर्षांनी एकदा महिनाभर घरी यायचे. तो महिना लग्नंकार्यं, नातेवाईक आणि गळकं छप्पर यांत संपायचा. बायकोशेजारी निवांत बसायला त्यांना सवडच मिळाली नाही. आता ते कायमचे परतले होते, तरी दिवसभर घरात काहीतरी आवरत फिरायचे.

कपाटाच्या काचेत त्यांचा मस्कतचा एक फोटो होता. समुद्रकिनारी पांढऱ्या आरामखुर्चीवर पाय पसरलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. "आमी इथं नळाला रांग लावत होतो, आनि नवाब तिथं समुद्राची हवा खात होते," असं मेहरुनबी झेबाला हसत सांगायच्या. हसणं वरवरचं होतं. तो फोटो त्यांना वर्षानुवर्षं सलत होता.

म्हणूनच तळोज्यातल्या एका कंपनीत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा, झेबाचा नवरा जुनैद, याने दोघांना मस्कत दाखवायचं ठरवलं. विमानात मी मेहरुनबींच्या मांडीवर होते. इसाकभाई राबले ते नाही, पण तसल्याच एका समुद्रालगतच्या हॉटेलात उतरलो. तीन दिवस मशिदी, किल्ले, बाजार झाले. मग जुनैदने जाहीर केलं, "उद्या सुट्टी. आमी दोघं खरेदीला जातो. अब्बा, अम्मी, तुमी समुद्रावर बसा. काय करू नका. फक्त बसा."

"लग्नानंतर पयल्यांदा हे दिवसभर माज्याशेजारी बसनार," मेहरुनबी झेबाच्या कानात म्हणाल्या. साठीच्या बाईचा चेहरा असा लाल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

सकाळी त्या डोळे उघडतात तो इसाकभाई चादर ताणून बसवतायत, टॉवेलच्या घड्या घालतायत, बेसिन पुसतायत.

"अवो, ठेवा ते. येतील की त्यांची मानसं."

"त्या मानसांना किती खोल्या असतात, तुला ठाव नाय."

निघाले तेही भलतीकडेच. पाहुण्यांची लिफ्ट समोर असताना इसाकभाई सरळ मागच्या, कामगारांच्या लिफ्टकडे वळले. मेहरुनबी नवा ड्रेस आणि माझ्यासकट मळक्या चादरींच्या ढिगाला टेकून खाली उतरल्या आणि थेट धोबीखान्यात पोचल्या.

"अवो, आपन पावने हाय!"

"पाय आपसूक वळले गो," इसाकभाई म्हणाले, आणि ओशाळून बाजूला झाले.

किनाऱ्यावर छत्रीखालच्या जागा भरलेल्या होत्या. उन्हातल्या दोन खुर्च्या मिळाल्या. मेहरुनबी एकीवर टेकल्या.

"तुमचा तो फोटो असल्याच खुर्चीवरचा ना?"

"हो. एक गोरा उठून पाण्यात गेलेला, तेवढ्यात दोस्ताने काढला. आमाला त्यावर बसायची बंदी होती." इसाकभाई हे उभ्यानेच सांगत होते.

मेहरुनबींनी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या खुर्चीचा हेवा केला, ती खुर्ची त्यांच्या नवऱ्याची कधीच नव्हती. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मंग आता बसा की. आता कोन उठवतंय?"

"बसतो ना. टॉवेल घेऊन आलोच."

ते गेले. मेहरुनबींनी मला डोक्यावरून काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तशी. मी त्यांच्या नवऱ्याची जागा धरून बसले आणि ज्या उन्हासाठी मला आणलं होतं ते त्यांनी उघड्या डोक्यावर घेतलं.

टॉवेल देणाऱ्या टपरीवर केरळचा एक माणूस एकटाच होता. त्याचे साथी रजेवर, टॉवेलांचा डोंगर तसाच. इसाकभाईंनी बाह्या सरसावल्या. घड्या पडू लागल्या, गप्पा रंगल्या. ते खळखळून हसत होते. इतकं मोकळं हसणं तळोज्याच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. मेहरुनबींनीही ऐकलं नसावं. त्या टक लावून पाहत होत्या.

कोणी ना कोणी येऊन खुणेने विचारायचं, ही खुर्ची रिकामी आहे का? मेहरुनबी माझ्यावर हात ठेवून म्हणायच्या, "येतायत." मराठीतच.

दुपारी इसाकभाई आले. हातात ताट होतं. त्यांनी ते अदबीने बायकोपुढे ठेवलं, कागदी रुमालाची घडी बाजूला लावली, पाण्याचा ग्लास उजव्या हाताला सरकवला. "आणखी काय लागलं तर सांग," म्हणाले आणि परत गेले. मला त्या क्षणी इतका संताप आला की वारा असता तर उडून त्यांच्या तोंडावर आदळले असते. मेहरुनबी जेवल्या नाहीत.

ऊन कलल्यावर एक म्हातारं परदेशी जोडपं आलं. एका खुर्चीवर म्हातारी बसली, म्हाताऱ्याला जागा नव्हती. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. मेहरुनबींनी मला उचललं.

"घ्या," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी जुनैदने विचारलं, "काय अम्मी, मजा आली?"

"आली ना," मेहरुनबी बोलल्या आणि मला बॅगेत तळाशी कोंबलं. माझा काठ तेव्हाच मोडला.

हल्ली इसाकभाईंचे गुडघे धरले आहेत. काम होत नाही. ते दिवसभर गॅलरीत बसतात, तळोज्याच्या कारखान्यांचा धूर बघत. शेजारी आणखी एक खुर्ची ओढून ठेवतात.

"मेहरुन, ये गो. बस जरा."

"मला काम हाय," स्वयंपाकघरातून उत्तर येतं. मी वरून बघते ना, कधी कधी ओटा लखलखीत असतो, गॅस बंद असतो, आणि मेहरुनबी नुसत्याच भिंतीला टेकून उभ्या असतात. त्या चिडलेल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

काल झेबाने मला अलिबागच्या सहलीसाठी मागितलं. "घेऊन जा," मेहरुनबी म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. तर जाते मी. झेबा, तुझा जुनैदही भला माणूस आहे, बापासारखाच. तुला एवढंच सांगते, ऊन लागलं तर मला डोक्यावर घाल, पण कोणासाठी शेजारी ठेवू नकोस. ज्याला यायचं असतं तो जागा नसली तरी येतो.