गरम मातीचे वजन

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचा एक लांब केस माझ्या ताटलीत ठेवा. मी त्याचे वजन सांगेन. ही बढाई नाही, ते माझे कामच आहे. मी एका विद्यापीठातला जुना वजनकाटा आहे. भाजी, धान्य, लोखंड यांच्याशी माझा संबंध येत नाही. दोनशे ग्रॅमच्या वर काही ठेवले तर मी आकडा दाखवणेच बंद करतो. पण त्याच्या आत जे येईल त्याचे वजन मी ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापर्यंत सांगतो, आणि गेली एकोणीस वर्षे बरोबर सांगत आलो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. चौदा जणांच्या हातांखालून गेल्यावर मी उभा राहिलो. शेवटच्या माणसाने माझ्या ताटलीत एक चकचकीत वजन ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. असे त्याने पन्नास वेळा केले आणि पन्नासही वेळा मी एकच आकडा दाखवला. तेव्हा तो म्हणाला, "जा बाबा, सुखी राहा," आणि मला खोक्यात घातले.

विद्यापीठात मला तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. खाली जाड दगडी ओटा, म्हणजे कुणी धपधप चालले तरी मी हलू नये. तीन बाजूंना काचेची सरकती दारे, म्हणजे वाऱ्याची झुळूक लागू नये. त्या खोलीची व्यवस्था एका प्रयोगशाळा सहायक बाईंकडे होती. त्यांना लहानथोर सगळे नुसते 'बाई' म्हणत. बाई सकाळी आल्या की आधी मऊ ब्रशने माझी ताटली झाडत, मग माझी पातळी बघत आणि मगच स्वतःची पर्स ठेवत.

मी एकटा आणि विभाग अनेक, म्हणून सगळे माझ्याकडेच येत. प्रत्येक जण जे घेऊन येई, त्यावरून बाई त्याचे नाव पाडत. मुंग्यावाला संशोधक मुंग्या आणि त्यांनी उचललेले ओझे वेगवेगळे तोलायचा. एकदा त्याच्या अकरा मुंग्या माझ्या पोटात शिरल्या आणि नऊच बाहेर आल्या. शिक्षणशास्त्राचा पेन्सिलवाला पहिलीच्या मुलांच्या पेन्सिली सत्राच्या सुरुवातीला तोलायचा आणि शेवटी तोलायचा. मुले किती लिहितात ते त्याला बघायचे होते. निघाले असे, की मुले लिहितात थोडे आणि टोके काढतात फार. समाजकार्य विभागातली गोळीवाली एका गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी हाताने मोडलेल्या अर्ध्या गोळ्या आणायची. डॉक्टर सांगतात अर्धी घ्या, पण थरथरत्या बोटांनी गोळीचे सारखे अर्धे होत नाहीत. किती होत नाहीत, ते मी सांगितले. तिने ते लिहिले, आणि पुढे त्या गावच्या दवाखान्यात कमी ताकदीच्या अख्ख्या गोळ्या मिळू लागल्या. मला तेव्हा कुणी हार घातला नाही, पण आकडा माझा होता.

बाई कुणाला सोडत नसत.

"अरे, दार हळू लाव. घरी आईच्या अंगावर असंच आपटतोस का?"

"बाई, घाई आहे हो."

"घाई तुला आहे. काट्याला नाही. बस तिथं."

आणि तो मुकाट्याने बसे.

वर्षातून दोनदा मला तपासायला एक गृहस्थ येत. त्यांच्याकडे लाकडी पेटी असे आणि पेटीत मखमलीवर प्रमाणित वजने असत. त्यांना सगळे काटेवाले म्हणत. ते दारात दिसले की बाईंचा आवाज चढलाच.

"या काटेवाले. पाय पुसून या."

"पुसले बाईसाहेब. तपासून घ्या हवं तर."

"तुमच्या शब्दावर भागलं असतं तर जगात काटे कशाला लागले असते?"

असे तासभर चाले. एकदा मुंग्यावाल्याने हळूच विचारले, "बाई, ह्या काटेवाल्यांचं आणि तुमचं काही भांडण आहे का?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं झाली. लग्नाच्या दिवसापासून."

मुंग्यावाला इतका लाजला की त्या दिवशी त्याने मुंग्या न तोलताच परत नेल्या.

मित्रांनो, याच काळात आमच्याकडे मातीवाली आली. तिचे काम तीन वर्षांचे होते. गावातल्या काही बायका ओला कचरा वेगळा करून त्याचे खत बनवत. ते खत घातले तर पडीक जमीन सुधारते का, हे तिला शोधायचे होते. तिने बत्तीस वाफे आखले. सोळा वाफ्यांत खत घातले आणि सोळांत काहीच घातले नाही. काहीच न घातलेले वाफे कशासाठी? तर तुलनेसाठी. ते होते तसेच राहायला हवेत.

मातीत पाने, मुळे, शेण कुजून जो काळा कस तयार होतो तो मोजायची एक रीत आहे. चिनी मातीच्या छोट्या वाटीत, म्हणजे मुशीत, थोडी कोरडी माती घ्यायची आणि तोलायची. मग मूस भट्टीत ठेवायची. कस जळून जातो. मूस थंड झाली की पुन्हा तोलायची. वजन जेवढे घटले तेवढा कस. पहिल्या वर्षी मातीवालीने सगळ्या वाफ्यांची माती अशी तोलली; पुन्हा तोलायची ती तिसऱ्या वर्षी, फरक बघायला. बाई शेजारीच होत्या.

दुसऱ्या वर्षी बाई आजारी पडल्या. रजेचा अर्ज पंधरा दिवसांचा होता. त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर काटेवाले आले तेव्हा दारातल्या पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत राहिले. आतून कुणीच काही म्हणाले नाही. मग त्यांनी पेटी उघडली, वजने ठेवली, आकडे लिहिले आणि निघून गेले.

बाईंच्या जागी दुसरे कुणी नेमले गेले नाही. माझ्या ताटलीवर धूळ साचू लागली. कुणी माझ्या डोक्यावर मोबाइल ठेवी, कुणी पंखा चालू ठेवूनच तोलू लागे. आकडा नाचला की म्हणत, "म्हातारा झालाय." मी म्हातारा झालो होतो, हे खरे. पण चुकत नव्हतो. नाचता येईना अंगण वाकडे, असे मला त्यांना सांगायचे होते. मला फक्त आकडेच बोलता येतात, त्याला काय करणार?

तिसऱ्या वर्षाची माती आली. मातीवालीने एकटीने सगळ्या मुशी भट्टीत घातल्या, एकेक काढली, तोलली, आकडे लिहिले आणि नाचतच मॅडमकडे गेली. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक. दुसऱ्या दिवशी दोघी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नाचणे संपले होते.

"खताचे वाफे दहा टक्क्यांनी सुधारले," मॅडम म्हणाल्या. "छान. आणि ज्यांत तू काहीच घातलं नाहीस ते?"

"सहा," मातीवाली पुटपुटली.

"कशाने सुधारले? तुझ्या आशीर्वादाने?"

"मॅडम, मग दहातून सहा वजा करून टाकूया ना. चार राहतात."

"एवढं सोपं असतं तर तीन वर्षं कशाला घालवलीस? ते सहा आले कुठून, हे कळल्याशिवाय मी सही करणार नाही. दोन महिन्यांत प्रबंध द्यायचाय. कारण सापडलं नाही, तर तिसरं वर्ष बाद. तिसरं बाद म्हणजे सगळंच बाद."

मातीवालीने माझ्याकडे बोट दाखवले. "हा काटा जुना आहे मॅडम. ह्याचंच काहीतरी बिघडलंय."

"तपासून घे. बिघडला असेल तर भंगारात काढू."

मला भंगाराची भीती वाटली नाही. खोटे सांगतोय, असे कुणी म्हटले, त्याचे वाईट वाटले.

काटेवाले आले. त्यांनी पेटीतले वीस ग्रॅमचे वजन ठेवले. मी वीस दाखवले. पन्नास ठेवले, पन्नास दाखवले. एक ग्रॅम, अर्धा ग्रॅम, दहा मिलिग्रॅम. दहा वेळा, वीस वेळा. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काटा ठणठणीत आहे, ताई."

"असं कसं होईल काका? नीट बघा ना. माझी तीन वर्षं आहेत त्यात."

"मी माझ्या कागदावर खोटं लिहू का?"

ती रडायलाच आली. काटेवाल्यांनी पेटी मिटली. मग म्हणाले, "तुम्ही कसं तोलता ते दाखवा. मी काही बोलत नाही, नुसता बघतो."

तिने भट्टीतून एक मूस काढली. लालबुंद राहिली नव्हती, म्हणून तिला ती निवली असे वाटले. पाचेक मिनिटे ओट्यावर ठेवली, चिमट्याने उचलून माझ्या ताटलीत ठेवली, दार लावले, आकडा वाचला आणि लिहिला.

"आता काढू नका," काटेवाले म्हणाले. "बघत बसा."

दोघे बघत बसले. माझा आकडा हळूहळू चढू लागला. एक मिलिग्रॅम, दोन, पाच. मूस निवत होती तसतसे तिचे वजन वाढत होते.

"अगं बाई," ती म्हणाली. "माती काय आत उगवतेय का?"

काटेवाले हसले. त्या खोलीत ते फार दिवसांनी हसत होते. मग त्यांनी तिला समजावले. गरम मूस भोवतालची हवा तापवते. तापलेली हवा वर चढते आणि जाता जाता ताटलीला थोडा हात देते. म्हणून वजन कमी भरते. वजन कमी भरले की वाटते, कस जास्त जळाला, म्हणजे मुळात जास्त होता. पहिल्या वर्षीची माती पूर्ण थंड करून तोललेली आणि तिसऱ्या वर्षीची गरम. जमीन सहा टक्के सुधारली नव्हती. मुशी तापलेल्या होत्या.

"पहिल्या वर्षी मूस कुठं निववायचात?" काटेवाल्यांनी विचारले.

"बाई कुठेतरी ठेवायच्या. झाकण असलेलं काचेचं भांडं होतं. मूस त्याच मला आणून द्यायच्या. मला वाटलं, ठेवायला जागा म्हणून तसं करतात."

त्यांनी कपाटे उघडली. भांडे सापडले ते चहाच्या किटलीजवळ. कोरडी हवा राहावी म्हणून त्याच्या तळाशी निळे खडे असतात. वर कुणीतरी साखर भरून ठेवली होती.

"ह्याला मुंग्या लागत नाहीत ना," मातीवाली खाली मान घालून म्हणाली. "मीच भरली."

"साखर छान कोरडी राहिलीय," काटेवाले म्हणाले. "आता मॅडमना तुम्ही सांगायचं. मी काटा बरोबर आहे एवढंच लिहिणार."

तिने सांगितले. एकही गोष्ट लपवली नाही, साखरसुद्धा. मॅडमनी तिची वही चाळली. मग म्हणाल्या, "वजाबाकी तरीही चालणार नाही. कुठली मूस किती गरम होती, लिहिलंयस का?"

"नाही. पण ह्या वर्षी काढलेल्या मातीच्या, प्रत्येक वाफ्यामागे तीन पुड्या शिल्लक आहेत. शहाण्णव होतात."

"मग उभी काय राहिलीस?"

भांडे धुतले, खडे भट्टीत सुकवले. मित्रांनो, त्या दोन महिन्यांत मी जसे काम केले तसे तरुणपणीही केले नव्हते. मातीवाली आता दुधाने तोंड पोळल्यासारखी ताकही फुंकून पिऊ लागली. अर्धा तास पुरे होता, ती पाऊण तास थांबायची. काटेवाले त्या काळात सहा वेळा आले. कुणी बोलावले नव्हते. पेटीही आणत नसत. मूस निवेपर्यंत स्टुलावर बसायचे.

असेच एकदा मातीवालीने विचारले, "काका, बाई सकाळी आल्यावर आणखी काय काय करायच्या? मी लिहून ठेवते. नवीन मुलांना लागेल."

काटेवाले बोलायला लागले आणि थांबले. "ताटली झाडायची. पातळी बघायची. त्यापुढचं…" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मला कुठं ठाऊक हो? मी वर्षातून दोनदा यायचो, थट्टा करायचो आणि जायचो. घरी काट्याचा विषय काढला की मीच म्हणायचो, पुरे आता. विचारायचं राहूनच गेलं."

मला सगळे ठाऊक होते. पण मी सांगणार कसा?

शेवटची पुडी तोलून झाली. काहीच न घातलेले वाफे जसेच्या तसे निघाले, शून्य. खताचे वाफे सुधारले होते, चार टक्क्यांनी. दहा नव्हेत, चारच. पण ते सोळाच्या सोळा वाफ्यांत होते आणि कुणी कितीही वेळा तोलले तरी तेवढेच राहणार होते. मॅडमनी सही केली. खत बनवणाऱ्या बायकांना मातीवालीने चारच सांगितले. त्यातली एक म्हणाली, "चार तर चार. कचऱ्याचे तर झाले ना!"

प्रबंधात तिने एक पूर्ण पान स्वतःच्या चुकीवर लिहिले. तिला कुणी तसे सांगितले नव्हते. काटेवाले तपासणीला आले तेव्हा ती त्याची प्रत घेऊन आली. त्यांनी ते पान माझ्या शेजारी उभे राहून वाचले. सावकाश वाचले.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "पण आमच्या हिनं आधी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या."

आता त्या खोलीत पुन्हा शिस्त आहे. मातीवाली तिथेच शिकवते आणि दार आपटणाऱ्याला बाहेर काढते. मी अजून काही वर्षे काम करीन, याची मला खात्री आहे.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्या. त्याला स्वच्छ ठेवा आणि त्याने न आवडणारा आकडा दाखवला तर आधी स्वतःचे हात तपासा. एवढे कुणीही सांगेल. मला त्याहून थोडे जास्त सांगायचे आहे. तुमच्या शाळेत, घरात कुणीतरी रोज काहीतरी पुसत असते, झाकत असते, निववत असते. ते तसे का करते, ते आजच विचारा. थट्टा नंतर करा. ते सांगतील. बहुतेक त्यांना कुणी विचारलेलेच नसते.