बिनवासाचं पाणी

लातूर जिल्हा झाला तेव्हा पेढे वाटले गेले, आणि ते खाणाऱ्यांत शेषेरावही होता. साहेब लोक जवळ आले, आता कामं झटपट होतील, असं जो तो म्हणत होता. झालं उलटंच. नवी ऑफिसं आली, नव्या खुर्च्या आल्या, आणि खुर्च्यांत बसायला खालची माणसं उचलली गेली. आरोग्य केंद्रातल्या तीन सेवकांपैकी दोघांची बदली झाली. उरला एकटा शेषेराव. त्याच्या चार गावांची अकरा गावं झाली आणि वरून दुष्काळ पडला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

काम तसं साधं होतं. विहिरीत जंतू मारायच्या पावडरची पुडी सोडायची आणि रहाटाच्या खांबाला पांढरी चिंधी बांधायची. चिंधी दिसली की बाया तासभर थांबत, मग पाणी शेंदत. त्या उन्हाळ्यात विहिरींच्या तळाला गुडघाभर गढूळ पाणी उरलं होतं, आणि शेजारच्या गावात हगवण-वांतीनं तीन माणसं गेली होती.

ते तिघं गेल्यापासून शेषेरावाच्या छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं असल्यासारखं वाटायचं. तो बौद्ध वस्तीतला पहिला सरकारी नोकर. चिंचखेड्याच्या ज्या विहिरीला त्याच्या आजाला हात लावता आला नव्हता, त्याच विहिरीत तो आता औषध टाकत होता. दुसऱ्याची चूक झाली तर ती त्या माणसाची असते. याची झाली तर साऱ्या वस्तीची झाली असती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या, नजरेतून काही सुटलं नव्हतं.

"झोपेत दात खायलाव तुमी. काल कुलूप चारदा वढून बघितलं. मनात काय हाय ते बोला तरी."

"काई न्हाई."

माणूस 'काही नाही' म्हणतो तेव्हा पुष्कळ काही असतं. पण हे नवऱ्यांना कोण समजावणार?

त्या दिवशी चार विहिरी होत्या, म्हणून सकाळी त्यानं चार पुड्या मोजून पिशवीत टाकल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो सायकलवरून चौथ्या विहिरीवर पोचला, पिशवीत हात घातला, आणि हाताला दोन पुड्या लागल्या.

त्यानं पिशवी उलटी केली. दोनच. म्हणजे मागच्या तिन्हींपैकी एका विहिरीत औषध पडलंच नव्हतं. चिंधी मात्र तिन्ही ठिकाणी बांधली होती, ते पक्कं आठवत होतं. डोकं दुसरीकडं असलं तरी हात सवयीनं आपलं काम करत राहतात, आणि कधीकधी अर्धंच करतात. कुठली विहीर? त्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. तिन्ही विहिरी एकसारख्याच दिसल्या.

एक पुडी तिथं सोडून तो उलटा फिरला. तिसऱ्या विहिरीवर बादलीत नाक घातलं. पावडरचा उग्र वास आला. दुसऱ्या विहिरीवरही आला. तिथली एक बाई वासाबद्दल शिव्या घालत होती. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

आता राहिलं चिंचखेडं. आसपासच्या दोन वाड्याही तिथंच पाणी भरत होत्या. त्यानं सायकल तिकडं हाणली.

विहिरीवर गर्दी ओसरली होती. पाटलांच्या भावकीतल्या भामाबाई शेवटची घागर शेंदत होत्या. त्याला बघून त्या हसल्या. एरवी त्यांना त्याच्याशी बोलायचीही फुरसत नसे.

"डाक्टर, आज लई चांगलं केलंव बगा. पान्याला वासच न्हाई. लेकरं गटागटा पेली. असंच टाकत जावा बारकं बारकं."

शेषेरावानं पिशवीत हात घातला. पुडी मुठीत होती. आता हळूच सोडली असती तर कुणाला कळलं नसतं. उद्या कुणी आजारी पडलं तर दुष्काळावर ढकलता आलं असतं. दुष्काळाला कोण जाब विचारणार? त्याचा हात कठड्यावर गेलासुद्धा. पण घराघरात भरून ठेवलेलं पाणी संध्याकाळपर्यंत प्यायलं जाणारच होतं.

"मी औषिद टाकलंच न्हाई," तो म्हणाला. "नुसती चिंधी बांधून गेलो. कुणी पेऊ नका ते पाणी. वतूबी नका. उकळा."

आणि त्याच क्षणी त्याच्या छातीवरचा पाय निघाला. कित्येक दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला. अशा वेळेला बरं वाटतंय याची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मान खाली घातली.

भामाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी घागर खाली ठेवली. "माजी सून सा दिसांची बाळंतीण हाय," त्या सावकाश म्हणाल्या. "पयली घागर तिच्यासाटी नेली मी."

हा हा म्हणता माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "वस्तीतला माणूस! मुद्दाम केलं आसंल." दुसऱ्यानं सायकल काढून घेतली. पुडी विहिरीत पडली, पाणी उकळायला गल्लीगल्लीत चुली पेटल्या. एका म्हाताऱ्यानं त्याला दंडाला धरून मारुतीच्या पारावर बसवलं.

"हितं बसायचं. कोण वकतंय ते कळस्तोवर हालायचं न्हाई."

त्या पारावर त्याच्या वस्तीतलं कुणी आजवर बसलं नव्हतं. शेषेराव बसला. समोर पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळे घरांकडं कान लावून होते. तोही कान लावून होता.

ऊन कललं तेव्हा पहिली हाक भामाबाईंच्या घरातून आली: "सून वकायलीय!"