नायगावची फिरती खोली

मित्रांनो, माझ्या अंगावरचा निळा रंग तुम्ही नखाने खरवडलात तर खाली पिवळा लागेल. पिवळ्याच्या खाली खाकी. यावरून माझ्या वयाचा अंदाज करा. मी एक जुनी व्हॅन आहे आणि आजवर मी तीन आयुष्यं जगले आहे. पहिल्या दोन्हींविषयी थोडक्यात सांगते, कारण मला सांगायचं आहे ते तिसऱ्याविषयी.

माझा सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बोटीने आला आणि माझी पेटी भायखळ्याच्या एका कारखान्यात सुतार-लोहारांनी बांधली. तेव्हा मी ॲम्ब्युलन्स होते. जखमी शिपायांना गोदीतून इस्पितळात न्यायचं, एवढंच काम. त्यामुळे माणसं म्हणजे आडवी असतात आणि कण्हतात, अशीच माझी बरेच दिवस समजूत होती. लढाई संपली आणि एका बेकरीवाल्याने मला पिवळी करून माझ्यात पावांच्या फळ्या ठोकल्या. पहाटे लालबाग, परळ, दादर. गरम पावाचा वास मला आवडे. पण पाव कुणाशी बोलत नाहीत. मला माणसांविषयी फार कुतूहल होतं आणि ते तसंच राहिलं.

पुढे माझा आस तुटला. घोडपदेवच्या शामरावांच्या गॅरेजमध्ये मला आणून टाकलं आणि नवी गाडी मिळाल्यावर बेकरीवाला मला विसरला. तीन वर्षं मी तिथे उभी होते. कोंबड्या माझ्यात अंडी घालत.

त्याच काळात, छप्पन्न सालच्या जानेवारीत, गॅरेज आठ दिवस बंद होतं. बाहेरून घोषणा येत. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' एके दुपारी फटाक्यांसारखे आवाज झाले आणि एक माणूस पळत येऊन माझ्यात शिरला. त्याच्या हातातून रक्त वाहत होतं. शामरावांनी धोतराची पट्टी फाडून त्याचा हात बांधला. तो सारखा म्हणत होता, "आम्ही इथं जन्मलो, इथं राबलो. मग मुंबई आमची नाही तर कुणाची?" शहर एखाद्या माणसाचं कसं काय असू शकतं, याचा मी पुढे कितीतरी दिवस विचार करत होते.

दोन वर्षांनी एका रविवारी गॅरेजमध्ये तिघंजण आले. राजाराम वाडीबंदरला मालाची लॉरी चालवत असे. लढाईत त्याने सैन्याच्या गाड्या चालवल्या होत्या. त्याच्याबरोबर त्याची बायको सुंदराबाई आणि बारा वर्षांची मुलगी कमल होती. ही मंडळी नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. राजाराम माझं इंजिन बघत होता, पण सुंदराबाई सरळ आत चढली. तिने कोंबडी हाकलली, पदराने फळी पुसली आणि चक्क आडवी झाली.

"पाय पुरत्यात," ती आतून ओरडली.

शामराव हसले. "भाड्याला लावणार का, ड्रायव्हर?"

"नाही. घरच्यांना घेऊन फिरायला. आत झोपायचं, आत रांधायचं."

"त्यासाठी गाडी कशाला? एसटी आहे. जाल तिथं धर्मशाळा आहे."

राजाराम बोनेट पुसत राहिला. सुंदराबाई खाली उतरली आणि म्हणाली, "धर्मशाळा हायत, शामराव. पण आमी तिथं विचारायला जानार न्हाई."

शामरावांनी मान खाली घातली आणि सौदा लगेच ठरला. मला मात्र काही उमगलं नाही. ज्यांना घर आहे त्यांना चाकांवरचं घर कशाला हवं? आणि विचारायला का जाणार नाहीत?

नायगावात माझं काम सुरू झालं तेव्हा सगळी चाळ कठड्याला लागून बघत होती. राजारामने आस बसवला, इंजिन उघडून पुन्हा जोडलं आणि मला निळा रंग दिला. शेजारचा शिवा मालवणकडचा. तो गिरणीत सुतार होता. त्याने भिंतीला टेकवता येतील अशा दोन घडीच्या फळ्या केल्या, स्टोव्हला कोनाडा केला, पडद्याला दांडी बसवली. पण राजारामने सगळ्यात आधी आणलं होतं ते पाण्याचं एक मोठं पिंप. तोटी लावलेलं. त्याने निम्मी जागा अडवली.

"काय रे राजाराम, बिऱ्हाडच घालतंस काय गाडयेत?" शिवा वैतागला. "ह्या पिंप भायर काढ. वाटेर बावी काय कमी आसत?"

दाराशी राजारामचे वडील धोंडू बसले होते. तीस वर्षं गिरणीत काढलेला म्हातारा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते माणसं आवाजावरून ओळखत.

"विहिरी लई व्हत्या, मिस्त्री," धोंडू म्हणाले. "पन आमची घागर बगितली की त्या आटायच्या."

मग त्यांनी सांगितलं. ते तरुण असताना बायकोला घेऊन जत्रेला गेले होते. वाटेत तिला ताप भरला. धर्मशाळेच्या माणसाने जात विचारली आणि दोघांना पायरीवरून उठवलं. विहिरीवर कुणी पाणी वाढलं नाही. संध्याकाळपर्यंत ती झाडाखाली कोरड्या तोंडाने पडून होती. "जगली ती. पन मग मुंबई सोडून कुटं म्हनून गेली न्हाई. मरंस्तवर. मी बी न्हाई गेलो."

शिवाने हातोडी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तो लोखंडाच्या दोन पट्ट्या घेऊन आला आणि पिंप माझ्या भिंतीला असं आवळलं, की ते घाटातही हललं नसतं.

मित्रांनो, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मी जखमी वाहिले होते, पाव वाहिले होते. ही माणसं मला आपला मान वाहायला सांगत होती.

दोन वर्षांपूर्वी त्या घराने बौद्ध धम्म घेतला होता. भिंतीवर एका कॅलेंडरातलं लेण्याचं चित्र होतं. धोंडू ते डोळ्यांजवळ धरून बघत. राजारामला डॉक्टरांनी सांगितलं होतं, की म्हाताऱ्याचे डोळे आता फार दिवस साथ देणार नाहीत. म्हणून त्याला वडिलांना ते लेणं दाखवायचं होतं. धोंडू नाही म्हणत होते. पण मी तयार झाल्यावर कमलने त्यांचा हात धरून सगळीकडे फिरवला. फळी, कोनाडा, पिंप. त्यांनी तोटी उघडली, ओंजळभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "कवा निगायचं?"

डिसेंबरात आम्ही निघालो. पनवेलपर्यंत मी छान धावले. खंडाळ्याच्या घाटात मात्र माझा दम उखडला. रबरी नळी फाटली, रेडिएटरमधून वाफेचा फवारा उडाला आणि मी कडेला थांबले. राजारामने सायकलच्या ट्यूबने नळी बांधली. पण पाणी? त्याने पिंपाकडे पाहिलं आणि मग वडिलांकडे.

"वत," धोंडू म्हणाले. "तिला बी तहान हाय."

बांधलेली नळी गळत होती. थोडं चढायचं, थांबायचं, पुन्हा पाणी ओतायचं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. घाट चढून मळवलीच्या बाजूच्या त्या लेण्याच्या डोंगराखाली पोचलो तेव्हा पिंप कोरडं ठणठणीत होतं. पायथ्याशी एक वाडी होती, वाडीबाहेर विहीर, आणि मी उभी राहिले ती विहिरीपासून वीस पावलांवर.

आत धोंडूंचे ओठ सुकले होते. राजाराम उठला, तशी सुंदराबाईने त्याचा हात धरला. "तुमी गेलात तर भांडान हुईल."

तेवढ्यात कमल घागर घेऊन खाली उतरली.

विहिरीवर एक बाई पाणी ओढत होती. तिने कमलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुठली गं तू?"

"मुंबईची. नायगाव."

"कोन तुमी?"

कमलने एकदा मागे वळून पाहिलं. मग सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध."

बाईने दोर ओढायचा थांबवला. मग म्हणाली, "घागर खाली ठिव. मी वरनं वाढते."

"नको," कमल म्हणाली. "मला ओढता येतं. तुमचं झालं की दोर द्या."

राजारामची मूठ माझ्या दाराच्या कडीवर होती. त्याने ती उघडली मात्र नाही. बाईने आपला हंडा उचलला आणि बाजूला ठेवला. कमलला जागा करून द्यायला ठेवला, की शिवाशिव नको म्हणून ठेवला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण दोर तिने विहिरीच्या काठावरच सोडला आणि वळून न पाहता ती निघून गेली.

कमलने पाणी ओढलं. एक घागर, दुसरी, तिसरी. पहिला तांब्या तिने आजोबांना दिला. धोंडू प्यायले आणि तांब्या कितीतरी वेळ हातात धरून बसले.

"वाढलं कुनी?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, आजोबा. मीच काढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन माझ्या शेजारून चालली होती. चालता चालता थबकली. आत डोकावली. "बया! आत चूल बी हाय?" तिचं नाव मीराबाई. सुंदराबाईने तिला फळी खाली करून दाखवली, तोटी सोडून दाखवली. मीराबाई प्रश्नावर प्रश्न विचारत होती. झोपताना गाडी हलते का? रांधताना जाळ लागत नाही? मला ती आवडली. तिच्यात माझ्यासारखंच कुतूहल होतं. सुंदराबाईने चहाचा कप पुढे केला. मीराबाईने वाडीच्या दिशेने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आज नगं." जाताना मात्र कमलला म्हणाली, "दोर काटावरच हाय गं."

सुंदराबाई तो कप स्वतः प्यायली. रागावली होती की नाही, ते तिच्या तोंडावरून समजलं नाही.

लेण्यांपर्यंत मला चढता येत नव्हतं. चौघंजण वर गेली आणि मी दिवसभर वाट बघत राहिले. ती उतरली तेव्हा धोंडू सगळ्यांत पुढे, कमलच्या खांद्यावर हात ठेवून बोलत येत होते. आत अंधार होता, त्यांना फारसं दिसलं नव्हतं. मग त्यांनी प्रत्येक खांबाला हात लावून पाहिला होता. "दगडात लाकडावानी काम केलंय, पोरी. छन्नीचं घाव बोटाला लागत्यात. कुन्या मानसानं बसून केलं आसंल? त्येचं नाव काय आसंल?" घाट उतरून मुंबई येईपर्यंत ते प्रश्न विचारत होते. एरवी मोजकंच बोलणारा माणूस एवढं बोलतो हे ऐकून राजाराम गाडी चालवताना डोळे पुसत होता.

त्यानंतर आम्ही कुठे कुठे गेलो! वसईचा किल्ला, अलिबागचा समुद्र, नाशिकची लेणी. साठ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा चाळीतली पंधरा पोरं माझ्यात कोंबून राजारामने परळ-दादरची रोषणाई दाखवली. शिवा टपावर बसून ओरडत होता. धोंडूंना दिवे नुसते धूसर ठिपके दिसत होते. ते राजारामला म्हणाले, "मुंबई आपली झाली. आता माजं गाव दावतो तुला."

कराडकडचं ते गाव त्यांनी दहाव्या वर्षी सोडलं होतं. त्याच उन्हाळ्यात आम्ही तिकडे गेलो. गावात शिरताना राजारामने विचारलं, "आपल्या वस्तीकडे वळू?"

"न्हाई. म्होरं चल. चावडी आली की सांग."

लहानपणी त्या चावडीसमोरून जाताना त्यांना चप्पल काढून हातात घ्यावी लागे. चावडी आली. "हितं लाव," धोंडू म्हणाले. राजारामने मला भर चौकात उभं केलं. धोंडू नवी चप्पल घालून उतरले, दोन पावलं चालले आणि माझ्या पायरीवर बसले. सुंदराबाईने स्टोव्ह पेटवला. माणसं जमली. काही दुरून बघत होती, एकजण पुटपुटत निघून गेला, पोरं मात्र माझ्या चाकांना हात लावू लागली. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन विचारलं, "कोन म्हनायचं?"

"मी सखारामाचा धोंडू. गाव बगायला आलोय. चार दिस ऱ्हानार हाय."

चार दिवस आम्ही तिथेच राहिलो. कुणाकडे काही मागितलं नाही.

दोन वर्षांनी धोंडू गेले. राजाराम थकला, तशी मीही थकले. पुढे माझे सुटे भाग मिळेनासे झाले. आता मी परळच्या तुमच्या या शाळेच्या आवारात भिंतीला लागून उभी आहे. कमल याच शाळेत शिकवायची. तिनेच मला इथे आणलं. ती हे जग सोडून गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझं छत गळतं, चाकांत हवा नाही. शाळेने मला भंगारात काढायचं ठरवलं आहे, असं कानावर येतं.

मित्रांनो, मला पुन्हा रस्त्यावर न्या, असं मी म्हणत नाही. जुन्या गाडीला लागतं किती? छतावर डांबराचा एक हात आणि बिजागऱ्यांना चार थेंब तेल. एवढं केलंत तर तुमच्यातले सहा-सात जण माझ्यात सहज बसतील. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. ती फेकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला एवढंच विचारा, की ही आपण कशासाठी घेतली होती? उत्तर द्यायला ते खाली बसले, तर तुम्हीही बसा.