अर्धा इंच मार्जिन

शिवणवर्गाच्या बाईंनी आत्याला स्पष्टच सांगितलं होतं, "तुमच्या हातात कला आहे, पण शिकवायला ठेवायचं तर दहावी हवी." आत्याचे बाकीचे विषय सुटले होते. गणित मात्र दोनदा राहिलं, आणि दोन्ही वेळा त्रिकोणमितीनेच घात केला. आता पेपर तोंडावर आला होता. आणि मास्तरीण म्हणून लाभली कोण, तर जिला तिनेच टोपडी शिवून घातली ती भाची!

"पुस्तक मिट," भाची म्हणाली. "कापायच्या टेबलावर वर्तुळ काढ. त्रिज्या एक फूट. तो आपला एक."

हे आत्याला आवडलं. तिने टेप मध्यावर टाचणीने रोवली, खडू धरला आणि घेरदार झग्याला काढतात तसं वर्तुळ एका दमात काढलं. मध्यातून आडवी रेघ, तिच्यापासून तीस अंशांवर तिरकी. तिरकी वर्तुळाला टेकली तिथून सरळ खाली लंब. झाला काटकोन त्रिकोण.

"लंब मोज. तीसचा साइन अर्धा, म्हणजे सहा इंच यायला हवेत."

"सव्वासहा."

पुन्हा मोजलं. सव्वासहाच. आत्याचं तोंड एवढंसं झालं. "राहू दे गं. पालथ्या घड्यावर पाणी. मी आपली काजं करत बसते."

भाचीने तिरकी रेघ मोजली. साडेबारा इंच! "आत्या, हा अर्धा इंच जादा कशाला?"

"कशाला म्हणजे? मार्जिन नको? शिवायचं कुठून?"

दोघी इतक्या हसल्या की टाचण्यांची डबी सांडली. त्या गोळा करता करता आत्या थबकली. "थांब. साडेबाराचे निम्मे सव्वासहाच की! लंबाला तिरकीने भागलं तर अर्धाच येतो."

"तिरकीला कर्ण म्हणायचं. कर्णच एक असला की भागायला नको, लंब हाच साइन. एवढ्यासाठी ते वर्तुळ."

"एवढंच? मग मेल्यांनी दोनदा नापास कशाला केलं मला?"

तिसऱ्यांदा नाही केलं. निकालाच्या दिवशी भाचीला घेरदार झगा मिळाला.

शिवणवर्गात पहिल्याच दिवशी एका मुलीने मार्जिन न सोडता कापड कापलं आणि रडकुंडीला आली. "बाई, माझं डोकंच मठ्ठ आहे."

बाई म्हणजे आपण, हे आत्याच्या जरा उशिरानेच लक्षात आलं. मग तिने टाचणी आणि टेप मुलीपुढे सरकवली.

"अगं, अर्ध्या इंचाने कोणी मठ्ठ ठरत नाही," ती म्हणाली. "मी सांगते ना."